दवाखान्याच्या चादरी

४ मार्च
सरकारी दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम निघालंय! त्यातला काही वाटा आमच्यासारख्या मागे राहिलेल्यांच्या छोट्या धंद्यांना राखलेला. आक्काला म्हटलं, हे आपलंच. आक्का म्हणजे आमच्या लाँड्रीची मालकीण, नवरा गेल्यापासून एकटीच दुकान ओढतेय. म्हणाली, "भिंगरी, आधी इस्त्रीकडे बघ, शर्ट जळेल." जळलाच होता थोडा.
तरी अर्ज दिला. काम नाही मिळालं तर दुकान बंद करणार म्हणते. मग माझी माळ्यावरची पथारीही गेली. आणि घरी कुठल्या तोंडानं जाऊ?

९ मार्च
दवाखान्याच्या ऑफिसात गेलो. अर्ज तपासणाऱ्या मॅडम भल्या वाटल्या. म्हणाल्या, मालक नुसता नावाचा नको, धंदा त्यानंच चालवला पाहिजे. दुकान छोटं पाहिजे. आणि एवढ्या चादरी झेपल्याही पाहिजेत! बाहेर आल्यावर आक्का म्हणते, "यांना उपाशी पैलवान हवाय." खूप हसलो. मग हसू विरलं. मॅडम दुकान बघायला येणार. काय दाखवू? एकच मशीन, तेही लाथ खाल्ल्याशिवाय फिरत नाही. लाथ नेमकी कुठे घालायची ते फक्त आक्काला ठाऊक.

१३ मार्च
समोरच्या मोठ्या लाँड्रीचा मालक, जाड्या. त्याच्याकडे दोन नवी मशीनं मागितली, एका दिवसापुरती. वाटलं हाकलेल. तर म्हणाला, "ने की! शेजारी कशाला असतात?" त्याचीच माणसं ठेवून गेली. देवमाणूस!
आक्का कुरकुरली, "पाहुण्याला उसन्या ताटात वाढायचं?" म्हटलं, सगळेच वाढतात. तिचं जुनं मशीन मागे ढकललं, वर चादर टाकली.

१४ मार्च
मेलो.
मॅडमनी मशीनं बघितली, मान डोलावली. मग — "बाई, चालू करून दाखवा ना."
आक्कानं एक बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं, दिवा लागला आणि विझला. मी पुढे झालो तर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नाही. मालकीणबाई." आक्का माझ्याकडे बघत राहिली, धडा न आलेल्या पोरीसारखी.
"खरा मालक कोण आहे?"
"मीच की हो!"
शेवटी मी सगळं ओकलो. चादर ओढून जुनं मशीन दाखवलं. आक्कानं लाथ घातली, फिरलं पण! मॅडम खिन्न होऊन म्हणाल्या, "आता कशावर विश्वास ठेवू?"

२ एप्रिल
काम जाड्याच्या सासूला मिळालं. त्याच्याच दुकानात मध्ये फळ्या ठोकून तिच्या नावाची नवी छोटी लाँड्री! म्हातारीनं म्हणे मॅडमसमोर बटण बरोबर दाबलं. जावयानं घोकवून घेतलं होतं. आमची फजिती बघूनच शहाणा झाला असणार.
आक्कानं नुसता चहा पुढे सरकवला. शिव्या तरी दे ना! नुसता चहा पुढे सरकवला.

६ एप्रिल
गिऱ्हाईक नाही. माश्या आहेत.

२१ एप्रिल
आक्कानं शटर ओढलं. जुनं मशीन भंगारवाल्यानं नेलं. टेम्पोत चढवताना तिनं एकदा हळूच लाथ मारली. सवयीनं.

२३ एप्रिल
जाड्याकडे कामाला लागलो. पोट आहे. हजेरीच्या रांगेत पुढे ओळखीची पाठ. आक्का! वळून म्हणाली, "भिंगरी, ती बटणं दाखवशील ना रे?"