कड्याखालच्या पायऱ्या

१२ नोव्हेंबर १९५०
आज दुपारच्या मोटारीने जव्हारला पोचलो. काय सुरेख हवा! संस्थान विलीन झाल्यावर इथे सरकारी कामं निघाली आहेत. गावाबाहेरच्या कड्यावर लोकांसाठी बाग, तिथवर पायवाट, उतारावर दगडी पायऱ्या आणि अगदी टोकाला बसायला बाक. ओव्हरसियर म्हणून माझं हे पहिलंच स्वतंत्र काम. मुकादम देवरामने नागलीची भाकरी नि उडदाची आमटी वाढली. संध्याकाळी कड्यावर उभा राहिलो. खालची दरी हळूहळू निळी होत गेली. आईला पत्र टाकलं, जागा फार आवडली म्हणून.

१९ नोव्हेंबर
कामावर वीस माणसं आहेत. सगळ्यांत तरबेज जवळच्या साखरशेत गावची चैती. नवरा वारल्यावर आईकडे राहते. तिने काढलेली पायरी पाहून वाटतं, ही खडकात आधीपासूनच होती. आज म्हणाली, टोकाजवळची माती पोकळ आहे, बाक मागे घ्या. पण नकाशा मंजूर झालेला, आणि ५ डिसेंबरला ठाण्याहून वरिष्ठ उद्घाटनाला येणार. मी म्हटलं, बघू.

२३ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत सगळे झऱ्यावर गेले होते. टोकाची एक पायरी राहिली होती, म्हणून चैतीला मीच थांबवलं. माती सुटली. ती गेली.
देवरामला सांगितलं, काम सोडून भिवंडीला गेली. असं का सांगितलं, ठाऊक नाही. ठाऊक आहे.

२५ नोव्हेंबर
तिची आई गोजाबाई सकाळपासून बाकाजवळ बसून होती. म्हणाली, “साहेब, शेवटी तूच पाहिली तिला. मला न सांगता जायची नाही ती. कठं गेली?” मी पुन्हा भिवंडीच म्हटलं. तिने फडक्यातली अर्धी भाकरी मला दिली. मी खाल्ली.

२६ नोव्हेंबर
देवरामने कड्याखाली बोट दाखवलं. उभ्या खडकात, जिथे माकडही टिकणार नाही, खूप खोल एक पायरी. ताजी, पांढरी. तुम्ही काढायला सांगितली का, विचारत होता. मी हसलो. इतकी सफाई एकाच हाताची.

२८ नोव्हेंबर
सात झाल्या. वर येताहेत. भर दुपारी छिन्नीचा आवाज. माणसं कामावर येईनाशी झाली. देवरामही —

२९ नोव्हेंबर
खरं लिहितो. ती लगेच पडली नव्हती. एका मुळीला धरून लोंबकळत होती. म्हणाली, “साहेब, हात दे.” दोन पावलांवर होती. माझ्या पायाखालचीही माती सुटेल म्हणून मी — उभाच राहिलो. ती माझ्याकडे बघत होती. बराच वेळ.

३० नोव्हेंबर, सकाळ
गोजाबाईला बोलावून सगळं सांगितलं. रडली नाही. कुठून पडली, एवढंच विचारलं. मी जागा दाखवली आणि बाकावर येऊन बसलो. वरची पायरी आता कडेच्या हातभर खाली. आवाज थांबलाय.
गोजाबाई पालथी पडून हात खाली घालतेय. कुणाशी तरी हळू बोलतेय. हात ताणला गेला — ती सरकतेय — ओरडतेय, “साहेब, मला धर, दोघींचा भार —”
दोनच पावलं. मी लिहितोय. हातात पेन्सिल आहे, हात मोकळे नाहीत, माझे हात —