मैंदर्गीचं मधलं घर

शुक्रवार पेठ, सोलापूर
१२ नोव्हेंबर १९७३

तीर्थस्वरूप गुरप्पाकाका यांना पुतण्या चन्नप्पाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि काकूंचा दमा दोन्ही ठीक असतील असं धरून चालतो (आमच्या आकडेवारीच्या ऑफिसात हल्ली सगळंच धरून चालतात). इकडे मी खुशाल. नोकरी हंगामी, खोली गळकी आणि लग्न अधांतरी, एवढं सोडून.

तुम्ही मोठ्या खटपटीनं मैंदर्गीच्या सिद्धप्पा आडत्यांची दाक्षायणी मला सुचवलीत. मुलगी मला मनापासून आवडली, हे एकदा लिहूनच टाकतो. पण जावई कायम नोकरीतला हवा, ही सिद्धप्पांची अट. (माझ्या पगाराबद्दल तुम्ही त्यांना काय सांगितलंत, ते मला अजून कळलेलं नाही.) साहेब म्हणाले, मैंदर्गीच्या घरांच्या उत्पन्नाचा आकडा नीट आण, तुझं नाव कायम करायला पाठवतो. एका आकड्यात बायको आणि नोकरी दोन्ही मिळणार म्हणून मी आनंदानं एस.टी.त बसलो.

हा आकडा म्हणजे सरासरी नव्हे. सरासरी काढली तर सिद्धप्पांच्या पेढीच्या कमाईमुळे गावात ताक विकणारी बसम्मासुद्धा सुखवस्तू ठरते, आणि सरकारला तेवढ्यावर शांत झोप लागते. आमच्या साहेबांची रीत निराळी. एकशे एक घरं कमी उत्पन्नाकडून जास्तीकडे ओळीनं लावायची आणि बरोबर मधलं, एक्कावन्नावं घर धरायचं. त्याचं उत्पन्न ते गावाचं. हे मी चावडीवर समजावून सांगितलं, तिथंच चुकलो. तासाभरात गावभर झालं की मधल्या घराच्या खाली जो असेल त्याला सरकार निम्म्या भावात ज्वारी देणार. दुष्काळ नुकताच सरलेला, तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला यात नवल नाही. मग लिलाव सुरू झाला, फक्त उलटा. कोंडीबानं नऊशे सांगितले म्हणून महिपतीनं आठशे, महिपतीचे ऐकून शेजाऱ्यानं साडेसातशे. संध्याकाळपर्यंत मायाप्पा शून्याच्याही खाली उतरायला तयार होता. फॉर्मात तशी सोय नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

शेवटी भांडणं नकोत म्हणून सिद्धप्पांनी देवळाच्या कट्ट्यावर गाव जमवलं आणि बाजारात फोडतात तसा उत्पन्नाचा भाव फोडला. वर्षाला अकराशे चाळीस, घर कुणाचंही असो. म्हणाले, "कुणी वर न्हाय, कुणी खाली न्हाय." दुसऱ्या दिवशी शाळेचे मास्तर अकराशे चाळीस, पाटील अकराशे चाळीस, आणि दोन मजली घराच्या ओसरीवर मला बदाम घातलेलं दूध पाजत खुद्द सिद्धप्पा अकराशे चाळीस. होणाऱ्या सासऱ्याला खोटं कोण म्हणणार? मीही निमूट लिहिलं (दूध चांगलं होतं). एकट्या बसम्मानं ऐकलं नाही. तिचे सहाशे बारा. कट्ट्यावर काय ठरलंय याची मी आठवण दिली तर म्हणाली, "अकराशे मी सपनातबी बगितलं न्हाईत. नसलेलं कशाला सांगू?"

आता ओळ लावून बघा. मधलं घर अकराशे चाळीसचं, आणि त्याच्या खाली सबंध गावात एक बसम्मा. गाव तिच्यावर खवळलं, तिनं खरं सांगून दगा दिला म्हणे. इकडे साहेबांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, फॉर्म मैंदर्गीत भरलेस की इथंच सोलापुरात सात रस्त्यावर चहा पीत? इतकी समता तर पुढाऱ्यांच्या भाषणातही नसते. महिनाअखेर पुन्हा जाऊन खरे आकडे आण, नाहीतर घरी बस, असा हुकूम झाला. म्हणजे ज्यांना कायम नोकरीचा जावई हवा, त्यांनीच त्याची नोकरी घालवायची चोख व्यवस्था केली. काकूंना नमस्कार सांगावा.

तुमचा,
चन्नप्पा

ता. क. खरी विनंती ही, की सिद्धप्पांनी भाव बदलल्याखेरीज गाव बदलायचं नाही. तेव्हा तुम्ही बोलणी करायला जाल तेव्हा सहज त्यांचं उत्पन्न विचारा. सोयरिकीच्या बैठकीत माणूस आकडा चढवूनच सांगतो, त्यातला थोडा मी कापून घेईन.

आणखी एक ता. क. तिकीट नव्हतं म्हणून पत्र चार दिवस पडून राहिलं. आज बसम्मा ज्वारीची चौकशी करत ऑफिसात आली. अशी काही योजनाच नाही हे सांगताना मला मान वर करवेना. ती नुसतं "व्हय" म्हणाली, आणि कनवटीची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. दाक्षायणीची. पेढीची वही तीच लिहिते. "अप्पांचे खरे चौदा हजार तीनशे. तुमच्या काकांनी तुमचे महिना चारशे सांगितलेत. तुमचे खरे किती?" काका, चारशे आमच्या हेडक्लार्कलाही नाहीत. मी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर दोनशे दहा लिहिले आणि बसम्माच्या हाती परत पाठवली. तेव्हा आता मैंदर्गीला जाऊन चारशेचे दोनशे दहा तुम्हीच करून या.

शेवटचा ता. क. पाकीट अजून डकवलं नव्हतं हे बरं झालं. जायची घाई करू नका. दाक्षायणीचं उत्तर आलंय: "म्हणजे वर्षाचे पंचवीसशे वीस. गावच्या मधल्या घराच्या दुपटीहून वर आहात की. भाव अप्पांनीच फोडलाय, त्यांना मोडता यायचा नाही."