करपलेली कड

धाकटे,

संध्याकाळी तुझी कॅफेवाली बाई जेवायला येईल तेव्हा मी घरी नसेन. मावशीकडे चालले आहे. टोस्टसाठी पीच चिरून चाळणीत ठेवलेत, नीट निथळू दे, नाहीतर पावाचा लगदा होईल. चीज आधी पसर, फळ त्यावर. मध ओव्हनमधून काढल्यावरच घाल.

त्या कॅफेतल्या कामाबद्दल तुला मीच सांगितलं होतं. मी सोमवारी त्याच कामासाठी तिला भेटायला जाणार होते. तू रविवारीच मी केलेले टोस्ट डब्यात भरून गेलीस आणि स्वतःचे म्हणून तिला खायला घातलेस. काल तू आंघोळीला गेली होतीस म्हणून तिचा फोन मी उचलला. "तुमची बहीण कड मुद्दाम करपवते ना? काय चव येते!" मी नुसतं हं हं करत राहिले. केसाने गळा कापलास गं.

मुद्दाम कोण करपवतंय? आपला ओव्हन डावीकडे जास्त तापतो. मध्येच ट्रे फिरवला की काही करपत नाही. मी कधी फिरवला नाही, कारण करपलेली कड तुला लहानपणापासून आवडते.

ताई