परतीची जागा

सोलापूर
८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

ती. सौ. मायाक्कास,
प्रियदर्शनीचा नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस आणि माझ्या मेसेजपुढे एकच खूण दिसते, म्हणून पत्र लिहिते आहे. शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलेलं नाही. मायना चुकला असेल तर सांभाळून घे.

इकडे सर्व ठीक आहे. आईचा, म्हणजे तुझ्या मावशीचा, गुडघा तसाच आहे, ती औषध घेते आणि घेत नाही म्हणून सांगते. आमचं ऑफिस होटगी रोडवरच्या मोठ्या जागेत गेलं. आता फवारणीचे ड्रोन जोडायला वेगळी शेड आहे, मला स्वतंत्र टेबल आहे. मी घरी पंखा लावत नाही, त्यावरून आईशी रोज वाद होतो. ती म्हणते, “डास खाऊन टाकायलेत, लाव की गं.” मी म्हणते, थंडी वाजते.

तुझ्या मामंजींचा हात कसा आहे? तिप्पण्णा मामांना मी दवाखान्यात एकदाच भेटले, ७ ऑक्टोबरला. तू बाहेर बाकावर बसली होतीस आणि मान वर केली नाहीस. ते मात्र मला बघून हसले. पट्टी बांधलेला हात उचलून म्हणाले, “तीन बोटं इमानानं नेली. दोन ठिवली. भंडारा चिमटीत धराया दोन बास हायत की.” ड्रोनला ते अजून विमानच म्हणतात. मी फळांची पिशवी ठेवली आणि निघाले. त्यांना वाटलं असेल, शिकलेल्या पोरींना कायम घाई असते.

मला तुला दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

पहिली. ५ ऑक्टोबरला, त्या रविवारी, तू ड्रोन कुठे चालू केलास? तुरीच्या रानात, की वस्तीवर बिरदेवाच्या देवळापुढे? मला एका शब्दात उत्तर चालेल.

दुसरी. येत्या १६ तारखेच्या कार्यक्रमाची पत्रिका मी ऑफिसात पाहिली. बचत गटातल्या सहा बायकांना नवे ड्रोन मिळणार. देवळापुढे सातही ड्रोनांची पूजा, मग तुम्ही सगळ्या रानात उडवून दाखवणार, आणि त्याच वेळी देवळापुढच्या पटांगणात पंगत. तुझा दुरुस्त केलेला ड्रोन त्याच दिवशी तुला परत मिळणार आहे. त्याआधी ‘सौ. मायाक्का यांचे मनोगत: माझ्या चुकीतून शिका’ असंही छापलं आहे. हा विषय तू निवडलास, की तुला कोणी दिला?

तर त्या दिवशी एवढं कर. पूजा करा, भंडारा उधळा, पण देवळापुढे कोणीही बॅटरी जोडू नका. ड्रोन बंदच रानात न्यायचा आणि जिथून उडवायचा तिथेच चालू करायचा. असा नवा नियम आला आहे असं समज. मामा रागावले तर ऑफिसचा हुकूम आहे म्हणून सांग.

मी कार्यक्रमाला येणार नाही. काम आहे.

उत्तर कळव.

तुझी,
प्रिया


सोलापूर
१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

अक्का,

तुझा आवाजातला मेसेज काल आला. सव्वा मिनिटाचा आहे. मी तो नऊ वेळा ऐकला.

“देवळातच की. दर रविवारी तितंच चालू करती. तुला ठावं न्हाय व्हय? पयल्या दिवशी तू हितंच हुतीस. आन् आता म्हनं ‘नवा नियम’! लई शिकलीस गं प्रिये, पन सरळ बोलाया न्हाय शिकलीस. मामंजींचा हात माझ्या हातनं गेलाय. बाया पान्याला जाताना म्हनत्यात, इमानवाली आली, डोस्कं सांभाळा. आता ऐतवारी माईकवर उबं राहून मीच सांगायचं, माजी चूक झाली. आनि काय सोसू?”

काही सोसू नकोस. तू चूक केलेली नाहीस. ती माझी आहे. हे मला पहिल्या पत्रात लिहिता आलं असतं. मी नियमाच्या आड लपले.

आता क्रमाने लिहिते.

१५ जूनला तुझा ड्रोन वस्तीवर आला तेव्हा मी तिथे होते. आपण तो पटांगणात मांडला आणि मामांना भंडारा लावायला सांगितलं. ते म्हणाले, “झोपल्याल्या मेंढराला कोन भंडारा लावतंय? उठीव त्याला आदी.” आपण दोघी हसलो. तू बॅटरी जोडलीस, दिवे लागले, मामांनी ड्रोनच्या सहाही हातांना भंडारा लावला. मग मी ड्रोन बंद करायला निघाले, तर त्यांनी मला अडवलं. “देवापुढं उठीवल्यालं परत निजवायचं न्हाय. तसंच रानात न्या.” तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, “असू दे गं. मशीनला काय फरक पडतो?”

फरक पडतो. ड्रोन चालू झाला की तो आधी आकाशातल्या उपग्रहांवरून आपली जागा ओळखतो आणि ती लक्षात ठेवतो. ती त्याची परतीची जागा. उडताना तुझ्या हातातल्या रिमोटचा सिग्नल तुटला तर तो कोणाला न विचारता तिथे परत जातो आणि उतरतो. खाली काय आहे, कोण आहे, हे त्याला दिसत नाही. देवळापुढे चालू केलेला ड्रोन देवळापुढेच उतरणार. बॅटरी बदलली की परतीची जागा नवी होते, म्हणून धोका दिवसाच्या पहिल्या उड्डाणाला.

हे आम्हाला माहीत होतं. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एक तपासणी होती. उडायची जागा परतीच्या जागेपासून पन्नास मीटरपेक्षा लांब असेल तर ड्रोन जागचा हलत नसे. बंद करून पुन्हा चालू करावा लागे. त्या दिवशी रानात तसंच झालं, आणि मामा दिवसभर तुझ्याशी बोलले नाहीत.

जुलैत तुझा फोन आला. “प्रिये, तुजं इमान देवाचं ऐकंना. दर ऐतवारी निजवून उठवावं लागतंय, मामंजी तोंड फिरवून बसत्यात. ती आडकाठी काढ की तेवडी.”

ही तपासणी त्रासाची आहे अशा तीस तक्रारी माझ्याकडे आधीच होत्या. एका रानातून दुसऱ्या रानात जाणाऱ्यांच्या. त्या मी बाजूला ठेवल्या होत्या, कारण तपासणी बरोबर होती. तुझी एकतिसावी. २२ ऑगस्टला मी ती काढली. प्रोग्रामच्या अकरा ओळी होत्या. आमच्या कंपनीच्या प्रमुखांना, चन्नवीर सरांना सांगितलं, खूप तक्रारी आहेत, काढू या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी तुला फोन करून म्हणाले, “काढली बघ, आता बिनघोर उडव.” तू मला घोंगडं पाठवलंस. मामांनी स्वतः कातलेल्या लोकरीचं.

इथे थांब आणि नीट वाच. तू मागितलंस म्हणून हे घडलं, असा अर्थ काढू नकोस. ती आडकाठी कशासाठी आहे हे तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तू देवळापुढे चालू करतेस हेही माहीत होतं. या दोन्ही गोष्टी एकत्र माहीत असलेली जगात मी एकटीच होते.

त्यानंतर सहा रविवार काही झालं नाही. सातव्या रविवारी रानाच्या टोकाला, मोठ्या विजेच्या तारांखाली, तुझ्या रिमोटचा सिग्नल चार सेकंद तुटला. ड्रोन वळला, आणि एकदा वळला की सिग्नल परत आला तरी तो आपण होऊन थांबत नाही. सहाशे चाळीस मीटर सरळ गेला. मामा पटांगणातल्या ओट्यावर लोकर कातत बसले होते.

ड्रोन प्रत्येक क्षणाची नोंद ठेवतो. १० वाजून ४२ मिनिटं १७ सेकंदांना तो उतरायला लागला. ३९व्या सेकंदाला तिसऱ्या पंख्याला अडथळा आला. त्या ओळीत फक्त एक आकडा आहे. तो आकडा म्हणजे मामांचा हात आहे.

मी ही नोंद ६ ऑक्टोबरला सकाळी उघडली. कारण कळायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. सरांनी विचारलं, “प्रियदर्शनी, आपल्याकडून काही नाही ना?” मी म्हणाले, “नाही सर.” मग अहवाल लिहिला. ‘वैमानिकाने उड्डाणापूर्वी परतीची जागा तपासली नाही.’ हे वाक्य माझं आहे. रिमोटच्या पडद्याच्या कोपऱ्यात परतीच्या जागेचं अंतर बारीक अक्षरात दिसतं आणि तू ते पाहिलं नव्हतंस, म्हणजे वाक्यात खोटं काही नाही. मी ते तसंच जुळवलं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले ती हा अहवाल देऊन.

नोकरी जाईल याची भीती नव्हती, असं म्हणणार नाही. पण मोठी भीती दुसरी होती. मला वाटलं, दोष तुझ्या नावावर गेला तर घरचे तुला कधीतरी माफ करतील. माझ्या नावावर आला तर तू मला करणार नाहीस.

आता रविवारचं.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, “आत्ता सांगतेस? पाहुणे ठरलेत, मांडव ठरलाय. हजारो उड्डाणांत एकदा झालं ना? रविवार होऊ दे, सोमवारी शांतपणे बघू.” मी म्हणाले, निदान त्या अकरा ओळी आज परत घालते. मंगळवारी सकाळी माझा पासवर्ड चालेना. तुझ्या ड्रोनला नवा हात आणि नवे पंखे बसवले आहेत. आतलं सॉफ्टवेअर तेच आहे. नव्या सहांमध्येही तेच.

सिग्नल साधारण चाळीस उड्डाणांत एकदा तुटतो. एरवी कोणाला कळतही नाही, ड्रोन त्याच रानात परत उतरतो. पण रविवारी सात ड्रोन देवळापुढे उठवणार, सातही त्या तारांखालच्या रानात उडणार, आणि सातांचीही परतीची जागा एकच असणार, जिथे पानं मांडून माणसं जेवत असतील. त्या तारांखाली सिग्नल चाळीसात एकदा तुटतो की चारात एकदा, मला माहीत नाही. कोणी मोजलेलं नाही. मोजलेल्या आकड्याची मला कधी भीती वाटली नाही. हा न मोजलेला आहे.

मला भीती वाटते, अक्का. गेले पाच आठवडे वाटते. पंखा सुरू झाला की पहिले दोन-तीन सेकंद तोच आवाज येतो. आई म्हणते, “थंडी न्हाय वाजत तुला, घाम फुटलाय.” मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. ऑफिसच्या यादीतले ड्रोन उडवणाऱ्यांचे चौसष्ट नंबर मी घरी उतरवून आणले होते. काल सगळ्यांना स्वतःच्या फोनवरून कळवलं की ड्रोन उडवण्याच्या जागीच चालू करा. एकोणीस जणांनी वाचलं. उरलेले पंचेचाळीस कुठे काय चालू करत असतील, याचा विचार मी काम असल्यासारखा करत बसते.

तुझ्या उत्तरानंतर फोन करायला हात गेला होता. पण फोनवर बोललेलं उद्या मी नाकारू शकते. हे नाकारता येणार नाही. सोबत तीन कागद आहेत: माझा जुना अहवाल, काल लिहिलेला खरा अहवाल आणि त्या दिवसाची नोंद. दोन्ही अहवालांवर माझी सही आहे. एक संच दुधनीच्या पोलिसांसाठी आहे, तो मी पोस्टाने वेगळा पाठवला आहे. तुझ्यापर्यंत हे पाकीट उद्या पोचावं म्हणून एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. बसवेश भावजींना स्टँडवर पाठव.

रविवारी उडवू नकोस. बाकीच्यांनाही बॅटरी जोडू देऊ नकोस. मामांना मात्र सांग की त्यांचं चुकलं नव्हतं. मेंढरू उठवूनच भंडारा लावतात. मशीन वेगळं असतं, हे सांगायचं काम माझं होतं आणि मी हसत होते.

तुला माईकवर उभी करतील तेव्हा तुझं मनोगत वाचू नकोस. हे पत्र वाच. पहिलंही वाच, म्हणजे मी कशी लपले ते कळेल.

मी कार्यक्रमाला येणार नाही असं लिहिलं होतं. तेही काढून टाक. रविवारी पहिल्या एसटीने येते. पटांगणात, मामा बसतात त्या ओट्यावर बसेन. सात ड्रोनांची परतीची जागा ती असेल. तरीही कोणाला उडवून दाखवायचंच असेल, तर त्याने मी तिथे बसले आहे हे बघून उडवावं.

तू बोलली नाहीस तरी चालेल. फक्त मामांना विचारून ठेव, ते मला त्या ओट्यावर बसू देतील का.

तपासणी काढणारी आणि अहवाल लिहिणारी,

प्रियदर्शनी सयाजी बंडगर
सॉफ्टवेअर अभियंता