दोन माणसांत बांधलेली बोट

प्रिय ठमे,

तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. तोंड उघडलं असतं तर शिव्याच आल्या असत्या, म्हणून लिहितोय. आई म्हणते, पोरीला समजून घ्या. घेतो, पण आधी माझं ऐक.

गेल्या महिन्यात चार दिवस राहायला आलीस. रोज संध्याकाळी हातात चहा द्यायचीस आणि विचारायचीस, फेरीबोटीवर कोण काय करतं हो बाबा? मला वाटलं, लेकीला उशिरा का होईना, बापाच्या कामाचं कौतुक वाटलं. चढलो मीही हरभऱ्याच्या झाडावर. तू वहीत लिहून घेत होतीस, तेही मला गोड वाटलं, बघ.

परवा धक्क्यावर नोटीस लागली. प्रत्येक बोटीवर चार खलाशांऐवजी दोन. सोबत सल्लागारांचा अहवाल: 'दोन माणसांत बोट धक्क्याला बांधता येते, हा कर्मचाऱ्यांचाच अनुभव आहे.' खाली तुझी सही.

वाक्य माझंच. चौघांतले दोघे तापाने घरी होते, त्या वादळात मी आणि तुझ्या साडेनऊकाकाने बोट बांधली, ही फुशारकी मीच मारली. पण दोराच्या वेढ्यात त्याची अर्धी करंगळी गेली आणि तेव्हापासून तो साडेनऊ झाला, हेही त्याच दमात सांगितलं होतं. ते का नाही लिहिलंस? ज्याच्या खांद्यावर बसून तू पलीकडच्या शाळेत गेलीस, त्याची करंगळी तेवढी वहीत मावली नाही? आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगू?

आठ जण घरी बसले, त्यात साडेनऊ पहिला. कामावर ठेवायच्यांच्या यादीत माझं नाव मात्र राखलंस. आता डबा खायला मी बसलो की बाकावरचे उठून जातात. साडेनऊने एवढंच विचारलं, "तुला ठाऊक होतं का रे?" नाही म्हणालो. तो पाठ फिरवून निघून गेला. तीस वर्षं एक दोर धरलेला माणूस, त्याला माझा शब्द खरा वाटला नाही.

काल मी राजीनामा लिहिला: माझ्या जागी त्याला ठेवा. साहेब म्हणाले, नावं बदलायची तर सल्लागाराची सही लागेल. म्हणून हे पत्र. रविवारी ये, कागदावर सही कर. मग त्याच्या दारात उभी राहा आणि सांग, माझ्या बापाला काही माहीत नव्हतं. माझ्यासाठी एवढं कर. घरी त्यानंतर ये.

रागावलेला, तरी तुझाच,
बाबा