रेखाच्या हळू गाण्याची तक्रार

दम्माम,
शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप भाऊसाहेबांच्या चरणी,
जावई उल्हास याचा दंडवत.

इकडे आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. तुमचं बीपी, आईंचा गुडघा आणि सुपारीच्या बागेतली माकडं यांची खबर दर शुक्रवारी फोनवर मिळतेच, तरी पत्राची रीत म्हणून विचारतो, तिघांचं कसं काय? (माकडांचं सविस्तर लिहा. इथे मित्रांना सांगायला बरं पडतं.) जावई फोन सोडून कागद घेऊन बसला म्हणून दचकू नका. घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रेखाचा पहारा असतो आणि मला जे लिहायचंय ते तिच्याविरुद्ध आहे. आमचे शेजारी हुसेनमियाँ, मूळचे राजापूरचे, इथल्या बाजारात त्यांचं पडद्यांचं दुकान आहे, ते रजेवर निघालेत. वाट वाकडी करून ते सावंतवाडीला येतील आणि हे पत्र तुमच्याच हातात देतील. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही असं त्यांना तीनतीनदा बजावलंय, त्यामुळे ते थोडे गंभीर चेहऱ्याने येतील, घाबरू नका.

तक्रार तुमच्या मुलीच्या गाण्याची आहे. तुम्ही म्हणाल, आता कुठलं गाणं? खरं आहे. थायरॉइडचं ऑपरेशन झालं, सर्जनने काम चोख केलं, गाठ गेली, पण जाता जाता गळ्याची एक नस दुखावली ती दुखावलीच. बोलणं परत आलं (पूर्वीपेक्षा जरा जास्तच आलं, असं माझं वैयक्तिक मत आहे), पण गाताना वर जायला लागलं की आवाजाची नुसती हवा होते. त्यानंतर आम्ही सुट्टीला आलो तेव्हा तुम्ही तिला एकदाही 'गा' म्हणाला नाहीत. तिचा तानपुरा गवसणीत घालून माळ्यावर ठेवून दिलात. तुम्ही ते मायेनं केलंत, हे मला दिसलं. तिला काय वाटलं ते ती बोलली नाही. तेव्हापासून तुम्हा दोघांचे फोन बीपी, गुडघा आणि माकडं यांच्यापुढे गेलेले नाहीत आणि आमच्या घरात मिक्सर सोडला तर कुणाचाच सूर लागत नव्हता. मला ते घर आवडत नव्हतं, भाऊसाहेब. हे सरळच लिहितो.

या शांततेत विघ्न आणलं सानिकाच्या इकाम्याने, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्याने. त्यात काहीतरी अडलं म्हणून मी एका कचेरीला फोन लावला. तिथल्या बाईंनी थांबायला सांगून गाणं लावून दिलं, म्हणून फोन स्पीकरवर टाकून मी दाढी करायला गेलो. परत येतो तो काय, रेखा मेथी निवडायची सोडून फोनसमोर बसलेली. कुणी एक पुरुष गात होता. गात होता म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाला काहीतरी खासगी सांगत होता आणि ते चालीत बसत होतं एवढंच. सोबतीला एक गिटार. तान नाही, हरकत नाही, वर चढायची घाई नाही. बऱ्याच वेळाने पलीकडे एक साहेब आले, 'येस सर' म्हणाले, तर तुमच्या मुलीने त्यांना अत्यंत नम्रपणे विनंती केली की आम्हाला पुन्हा होल्डवर टाका. साहेबांनी फोन ठेवला. इकाम्यासाठी मला मग स्वतः जाऊन रांगेत उभं राहावं लागलं आणि तिथे गाणं नव्हतं.

गाणं चालू असतानाच सानिकाने आईचा चेहरा पाहून आपल्या फोनवर काहीतरी दाबलं होतं. आता तिने जाहीर केलं, 'मॉम, दॅट्स बोसा नोव्हा. कॅफे म्यूझिक.' (मुलगी मराठीत फक्त भांडते, ते एक बरं आहे.) मग लक्षात आलं की हे संगीत आम्ही इथे वर्षानुवर्षं ऐकतोय. दातांच्या डॉक्टरकडे, समुद्रकाठी कॉर्निशवरच्या कॉफीच्या दुकानात, हॉटेलच्या लिफ्टमध्ये, सगळीकडे हेच चालू असतं. फक्त ते कुणी ऐकत नाही.

आता रेखा तुमची मुलगी. तिला एखादी गोष्ट नुसती आवडून भागत नाही, तिचा अभ्यास करावा लागतो. त्यामुळे मलाही आता बरंच माहीत झालंय. हा प्रकार ब्राझीलमध्ये पन्नासच्या दशकाच्या अखेरीस रिओ शहरातल्या तरुण मंडळींनी काढला. जोबिम नावाचे एक गृहस्थ पियानोवर बसून चाली बांधत. नारा लेआंव नावाच्या मुलीच्या फ्लॅटवर बैठका जमत आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सगळे हळू गात, असं सांगतात. (शेजारधर्म पाळणारं संगीत माझ्या ऐकण्यात हे पहिलंच.) पण यातले मुख्य बुवा म्हणजे जुआंव जिल्बेर्तो. उमेदीच्या काळात काही जमेना तेव्हा हे बुवा बहिणीकडे जाऊन राहिले आणि आवाज छान घुमतो म्हणून महिनोन्महिने तिच्या बाथरूममध्ये बसून गिटार घासत राहिले. सांबाच्या मिरवणुकीतले सगळे ढोल त्यांनी एका हाताच्या बोटांवर आणले आणि गळा मात्र बोलण्याइतकाच ठेवला. बहिणीच्या यजमानांचं यावर काय म्हणणं होतं ते कुठेही लिहिलेलं सापडलं नाही. मी बरंच शोधलं.

मी सहज म्हणालो, बिचाऱ्यांचा आवाज वर जात नसेल. त्यावर रेखा इतक्या दिवसांत प्रथमच ताठ बसून म्हणाली, "वर जात नाही म्हणून ते खाली गात नाहीत हो. त्यांना खालीच गायचंय." त्या वेळी मला यातलं काहीच कळलं नाही.

पुढचं सगळं हुसेनमियाँमुळे झालं. त्यांच्या दुकानात पडदे मिळतात, पण शब्द टाकला तर काहीही मिळतं. कायमचा गावी निघालेल्या एका फिलिपिनो नर्सकडून त्यांनी नायलॉनच्या तारांची गिटार मिळवली आणि वर तिला शिल्लक कापडाची गवसणी शिवून दिली. (सोनेरी वेलबुट्टी आहे. गिटार नवरीसारखी दिसते.) मग त्या ब्राझीलच्या बहिणीवर जे ओढवलं तेच आमच्यावर ओढवलं. बाथरूम गेलं. मी हॉस्पिटलात दाढी न करता जाऊ लागलो. मशिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या दाढीकडे एरवी कुणी बघत नाही, पण आमच्या साहेबांनी मला बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. तेवढ्यात रेखाने वाचलं की या बुवांना सभागृहातल्या एसीची घरघर मुळीच खपत नसे. झालं. तिने एसी बंद करायला सुरुवात केली. दम्माममध्ये, भाऊसाहेब. जुलै महिन्यात. सानिका दप्तर घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली आणि मी डोक्यावर ओला पंचा टाकून बनियनवर बसून कलेची सेवा केली.

साथीला बसलो ही माझी आणखी एक चूक. माझा तबला तुम्हाला ठाऊक आहे. मी रेखाला मागणी घातली तेव्हा 'मुलगा चांगला आहे, लय वाढते' असा निकाल तुम्ही दिला होतात आणि तो अजून लागू आहे. मी साधा केरवा धरला. सम आली, मी मान हलवून तिचं स्वागत केलं, पण रेखा नव्हती. सम निघून गेल्यावर बाई सावकाश आल्या, पंगत उठल्यावर एखादी पाहुणी यावी तशा. मला वाटलं, ती चुकतेय, नवऱ्याने सांभाळून घ्यायला हवं. म्हणून मी जरा थांबलो, तर ती आणखी उशिरा आली. मग मी घाई केली, तर ती मुळीच हलली नाही. शेवटी तिने मला समजावलं की ती चुकत नाहीये, ठोका कुठे आहे ते तिला पक्कं माहीत आहे, म्हणून तर त्याच्यावर उभं राहायची तिला गरज नाही. मी अर्थात मान्य केलं नाही.

आता गेल्या शुक्रवारचं. आमच्या मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. त्यासाठी गावाबाहेर एक इस्तिराहा भाड्याने घेतला होता. (म्हणजे हिरवळ, झोपाळे आणि मोठा हॉल असलेलं आवार. चार भिंतींच्या आत मराठी माणूस इथे हवा तेवढा मोठ्याने बोलू शकतो.) रेखाने नाव दिलं आणि गाणं निवडलं ते तुमचं. तिच्या पहिल्या कार्यक्रमासाठी तुम्ही बांधलेलं होडीचं गाणं, ज्याच्या अंतऱ्यात वरचा सा लावून तिथे उभं राहायचं असतं आणि वाडीतली माणसं ज्या सा साठी मिसळ टाकून धावत आत यायची, तेच. मी तिला दुसरं काही म्हण म्हणून परोपरीने विनवलं. ती ऐकेना.

चार सूर खाली उतरवून, त्या बुवांसारखं अगदी कानाशी बोलल्यागत तिने सुरू केलं. पहिली ओळ संपायच्या आत मागून 'आवाज येत नाही' आलं. सेक्रेटरी उठले, त्यांनी माइक वाढवला, माइकने शिट्टी मारली. एकजण येऊन वायर हलवून गेले. एक मावशी लगबगीने आल्या आणि ज्येष्ठमध घातलेलं गरम पाणी तिच्या पायाशी ठेवून डोक्यावरून हात फिरवून गेल्या. (आपल्या लोकांचं प्रेम असं असतं. गाणारा हळू गातोय म्हटल्यावर एकतर यंत्र बिघडलेलं असणार नाहीतर घसा.) रेखा पाणी प्यायली, तिने आभार मानले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी घाबरून लय वाढवलीच होती. तेवढ्यात मागून हुसेनमियाँ उठले. म्हटलं, आता हेही माइककडे जाणार. ते भिंतीकडे गेले, हॉलचे दोन्ही एसी बंद केले आणि कुणी परत लावू नये म्हणून बटणांना पाठ लावून उभे राहिले. "वैनी," ते म्हणाले, "आता म्हणा."

एसी थांबल्यावर त्या हॉलमध्ये इतकी शांतता झाली की लोकांनी चमचे खाली ठेवले. ऐकायचं तर गप्प बसण्यावाचून इलाजच नव्हता. आणि रेखा गात होती, भाऊसाहेब. हवा झालेला आवाज नव्हे. तिचाच आवाज, पण घरात आपल्या माणसाशी बोलताना असतो तेवढा. अंतरा आला. वरच्या सा ची जागा आली आणि ती थांबली. नुसती गिटार चालू राहिली. रिकामी जागा दिसल्यावर तबलजीचा हात आपोआप उठतो, तसा माझा उठला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तो खाली आणून मांडीवर ठेवला. ती थांबली तेवढा वेळ थांबली आणि मग खालून हळूच पुढची ओळ घेऊन आली. मला रडू फुटलं. घाम इतका येत होता की कुणाला समजलं नाही.

तिहाई नसल्यामुळे गाणं संपलेलं कुणालाच कळलं नाही. सगळे तसेच बसून राहिले. शेवटी सेक्रेटरींनी मला खुणेने विचारलं, मी मान हलवली, आणि मग टाळ्या पडल्या त्या थांबेनात. जेवताना मात्र प्रत्येकाने तिला घशासाठी वेगवेगळा काढा सांगितला.

तर अशी ही परिस्थिती आहे. एसी बंद, बाथरूम अडलेलं, तबल्याला काम नाही. मुलगी तुमची, तेव्हा तिला समज देण्याचा अधिकारही तुमचाच. लिहिताना कमीजास्त झालं असेल तर ते इथल्या उकाड्याच्या नावावर मांडा. आईंना माझा नमस्कार सांगा, गुडघ्यालाही.

तुमचा जावई,
उल्हास

ता. क. हुसेनमियाँना जेवल्याशिवाय सोडू नका. ते आधी दोनदा नको म्हणतील, ते मनावर घेऊ नका. त्यांच्यासमोर पत्र वाचलंत तरी चालेल, त्यांना सगळं ठाऊक आहे.

ता. क. दुसरा. वरची तक्रार खरी धरू नका. एसी हल्ली मीच बंद करतो. पत्र लिहिलं ते वेगळ्याच कारणासाठी. गेले कित्येक शुक्रवार तुमच्या फोनच्या वेळेला रेखा गिटार जुळवून मांडीवर घेऊन बसते. तुम्ही बीपी सांगता, गुडघा सांगता, माकडं सांगता आणि फोन ठेवता. मग ती गिटार गवसणीत घालते आणि मला म्हणते, 'भाऊंना आज घाई होती.' तुम्हाला घाई नसते, हे मला कळतं. तिला दुखेल म्हणून तुम्ही विचारत नाही, आणि तुम्हाला आता ऐकायचं नाही असं समजून ती म्हणत नाही. एकमेकांना जपता जपता तुम्ही दोघांनी गाणं बंद पाडलंय. या शुक्रवारी तिला होडीचं गाणं म्हणायला सांगा. घशाचं काही विचारू नका.

ता. क. तिसरा. इस्तिराहाहून परतताना गाडीत मी तिला विचारलं की वरच्या सा ची जागा तू मोकळी सोडतेस, तिथे मी एखादा तुकडा टाकू का. ती म्हणाली, "नको. ती जागा भाऊंची आहे." तेव्हा शुक्रवारी ती तिथे थांबेल, फोन तुटला असं समजू नका. जमलं तर तो सा तुम्ही लावा. तुमचाही आवाज आता तिथवर पोचत नाही, असं आई म्हणत होत्या. नाही लागला तर राहू द्या. फक्त फोन ठेवू नका.