सासूबाई बाजूला बसल्या

२७ ऑगस्ट, चतुर्थी
मोदक एकटीने वळले. निम्मे फुटले! सासूबाई खोलीतून बाहेर आल्याच नाहीत, गणपतीला हातसुद्धा लावला नाही. आत गेले तर चटईवर, भिंतीकडे तोंड करून. "माका शिवू नको गो, बाजूक बसलंय मी."

चिडलेच मी. दहिसरच्या टॉवरमध्ये राहून अजून हा विटाळ! — आणि मग एकदम लक्षात आलं. पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईची ही पाळी कसली? रोज लॅबमध्ये बसून मी अभ्यास कशाचा करते!

२८ ऑगस्ट
होळीपासून अधूनमधून रक्त जातंय म्हणे. प्रत्येक वेळी निमूट बाजूला बसल्या. आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील. राजेश तर खूश होता, आई आता जरा आराम करायला लागली म्हणून.

३ सप्टेंबर
बायोप्सी झाली. मुलुंडला आईला फोन केला. ती बँकेतून रिटायर झालेली, आमच्याकडे शिवाशिव कधीच नव्हती. "आजच्या काळात कोण लपवतं गं असं?" म्हणाली. मग उगाच गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.

१० सप्टेंबर
कॅन्सरच. गर्भाशयाच्या मुखाचा. आता प्रश्न एकच — पसरलाय का? सोमवारी स्कॅन.

तरी लॅबला गेले. बशीत याच कॅन्सरच्या पेशींचा थर वाढवायचा, मधून रेघ ओढायची आणि ती फट त्या किती लवकर भरतात ते बघायचं, हे माझं काम. हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची दोन प्रथिनं पेशीच्या पहारेकऱ्यांना निकामी करतात. पुढे कधीतरी शेजारच्या पेशीला धरून ठेवणारं प्रथिन कमी होतं. पेशी लांबट होतात, सुटतात, वाटेतलं सगळं विरघळवत चालू लागतात. फट झटपट भरली की आम्ही 'झकास' म्हणायचो! आज बघवेना. बरोबरच्या धवलला म्हटलं, तूच मोज.

१४ सप्टेंबर
"तुझ्या त्या काचेत माझा दुखणा दिसता तुका?" सासूबाईंनी विचारलं. म्हटलं, पेशी एकमेकींचा हात सोडून निघतात ते दिसतं. हसल्या. "माझ्यो खंय जातल्यो? मी तरी दहिसर सोडून खंय गेलंय?"

मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

१६ सप्टेंबर
नाही पसरला!! मुखातच आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत.

त्या बाजूला बसल्या म्हणून कळलं. इतके महिने लपलं तेही बाजूला बसण्यामुळेच. राग कुणावर काढू? रात्री त्यांच्या पायांना तेल लावून दिलं. शिवू नको म्हणाल्या नाहीत.

१७ सप्टेंबर
आईचा फोन. त्या डॉक्टरबाईंचा नंबर हवाय. कुणासाठी, विचारलं.

"माझ्यासाठीच गं. दिवाळीपासून जातंय."

आमच्या माहेरी कुणी बाजूला बसत नाही.